टपालातला तोतया



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विचारले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे; तेव्हा संतवाङ्मयावर कोणी बोलले तर येथे ऐकणारे पुष्कळ. शेती, पाणी, इतिहास यांवर बोलणाऱ्या विद्वानांचीही आपल्या मराठवाड्यात वाण नाही. मी टपाल खात्यात 35 वर्षे काढलेला माणूस. माझ्या गाठीला विद्वत्ता नाही, आहेत ती पाकिटे. "मग पाकिटांवरच बोला," असे चालक म्हणाले, आणि मी अडकलो.

तुमच्यापैकी काहीजण, निदान तुमच्या शेजारपाजारचे पुष्कळजण, गेल्या महिन्या-दीड महिन्यातच कारखान्यावरून परतले आहेत. दसरा-दिवाळी उरकली की घराला कुलूप लागते, आणि ते निघते पाडव्याच्या आगेमागे. कुलूप काढून दार ढकलले की ते थोडेसे अडते, कारण उंबऱ्याच्या आत कागद पडलेले असतात. त्यांतली लग्नपत्रिका आपण वाचतो, लग्न होऊन गेले म्हणून हळहळतो, आणि बाकीचे कागद कोनाड्यात खोचून चुलीपाशी जातो. मला आज त्या बाकीच्या कागदांविषयी बोलावयाचे आहे. त्याहूनही अधिक, जे कागद त्या उंबऱ्याआत असावयास हवे होते आणि नाहीत, त्यांच्याविषयी.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो, म्हणजे हा मनुष्य उपदेश करावयास उभा आहे असे कोणास वाटणार नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. तेथील एका ऊसतोड कामगाराने नुकतेच बँकेत खाते काढले होते. तो तोडीला गेल्यावर त्याच्या नावचे एक जाडसर पाकीट आले. घराला कुलूप. किराणा दुकानदार म्हणाला, "ठेवा इथंच मामा, त्याचा भाऊ येतो सामानाला." मी ठेवले. आठ दिवसांनी त्याच बँकेचे दुसरे, पातळ पाकीट आले. तेही तेथेच ठेवले. त्या काळी बँका यंत्रातून पैसे काढण्याचे कार्ड एका पाकिटात आणि त्याचा गुप्त आकडा दुसऱ्या पाकिटात, मध्ये काही दिवस जाऊ देऊन पाठवीत असत. हेतू हा की, वाटेत एखाद्याच्या हाती एक लागले तर दुसरे लागू नये. बँकेने विचारपूर्वक वेगळ्या केलेल्या त्या दोन गोष्टी मी एकाच गल्ल्यावर, तराजूशेजारी, पुन्हा एकत्र आणून ठेवल्या.

तो परत आला, पासबुक भरून घ्यावयास गेला, तर लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे परगावच्या यंत्रातून निघून गेलेले. दुकानदार सज्जन होता, आजही त्याच्याविषयी माझे मत तेच आहे. पण दुकानात दिवसभर शंभर माणसे येतात जातात. कोणी उचलले ते शेवटपर्यंत ठरले नाही. बँकेचे म्हणणे एवढेच, की कार्ड खरे आणि आकडाही खरा. साध्या टपालाची कोठे सही नसते, नोंद नसते, म्हणून माझ्यावरही काही आले नाही. तो माणूस भांडला नाही. फक्त म्हणाला, "मामा, माझ्या हातात का नाही दिलंत?" या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता कोणी म्हणेल, दुकानात पत्र ठेवणे यात नवे ते काय? काहीच नाही. आपल्याकडे खेड्यातला बटवडा पिढ्यान् पिढ्या असाच चालत आला. आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे टपाल वेगळे, तिकिटे वेगळी. 1 एप्रिल 1950 रोजी ते टपाल भारतीय टपालात विलीन झाले. पण संस्थानी टपाल असो की सरकारी, शिपाई पारावर बसे, नावे पुकारी, ज्याचे पत्र त्याला मिळे. तो नसला तर शेजारी घेई आणि संध्याकाळी नेऊन देई. ज्याला वाचता येत नसे त्याला आम्हीच वाचून दाखवीत असू. बाळंतपण, दुष्काळ, बैल दगावल्याची बातमी, सारे चारचौघांत वाचले जाई. पोस्टकार्ड तर उघडेच. आपल्या देशात ते 1879 साली सुरू झाले, आणि ते कोणीही वाचू शकतो म्हणून लोकांनी ते लिहावयाचे सोडले नाही. कारण पत्रातली बातमी दुसऱ्याने वाचली म्हणून ती बातमी काही त्याची होत नव्हती.

पैशाची गोष्ट मात्र तेव्हाही निराळी होती. मनिऑर्डर कोणी पारावर ठेवून गेला नाही. ती ज्याची त्याच्याच हाती. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला ओळखीचा साक्षीदार. म्हणजे माणूस ओळखून देण्याचे शहाणपण खात्यापाशी होते. फरक झाला तो असा, की पूर्वी साधे पत्र म्हणजे बातमी आणि मनिऑर्डर म्हणजे पैसा, हे पोराटोरांनाही कळत होते. आज वरून साध्या दिसणाऱ्या पाकिटात काय असते? बँकेचे कार्ड, धनादेशांचे पुस्तक, पॅन कार्ड, आधारचे पत्र, विम्याचा कागद, कर्जाच्या खात्याचा उतारा. यांत बातमी औषधालाही नसते. त्यांत तुमचे नाव असते, जन्मतारीख असते, क्रमांक असतो, पत्ता असतो. या चार गोष्टी हाती आल्या म्हणजे परक्या माणसाला थोडा वेळ तुम्ही होता येते.

याला आजकाल 'ओळखीची चोरी' म्हणतात. मला तो शब्द परका वाटतो. आपल्या भाषेत याला फार चांगला आणि जुना शब्द आहे: तोतया. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. खुद्द पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणे उतरवले नाही. या न बसणाऱ्या विश्वासातून तोतया निपजला. मीच भाऊसाहेब म्हणून तो पुढे आला, कैदेत पडला, 1776 साली रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात मोठा दंगा माजवला, किल्ले घेतले, भली भली माणसे त्याच्या नादी लागली. अखेर तो पकडला गेला आणि त्याच साली पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

पण त्या तोतयाची अडचण पाहा. त्याला भाऊंसारखे दिसावे लागले, बोलावे लागले, भाऊंना ओळखणाऱ्या माणसांसमोर उभे राहावे लागले. आजच्या तोतयाला यातले काही करावे लागत नाही. त्याचे तोंड कोणी पाहत नाही. त्याला फक्त कागद लागतो, आणि तो कागद पुष्कळदा आपणच त्याच्या वाटेत ठेवतो.

आपले जुने कारकून या बाबतीत आपल्याहून जागे होते असे मला वाटते. कधी मोडी कागद पाहण्यात आले तर शेवटी पाहा, मजकूर संपला तेथे छोटा शिक्का असतो: 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद'. येथे लिहिणे संपले, यापुढे कोणी एक अक्षर घालील तर ते खोटे, असा त्याचा अर्थ. कागदाचे तुकडे चिकटवून लांब केलेले असतील तर त्या जोडांवरही शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहून आपण पुढे 'फक्त' लिहितो आणि रेघ ओढतो, ती आपली लेखनसीमाच. घाईत ती रेघ ओढावयाची राहते. राहू देऊ नये.

आता हा तोतया काम कसे करतो ते सांगतो. यात विद्या फार नाही. एखाद्याचे आधारचे पत्र आणि बँकेचे एखादे पाकीट त्याच्या हाती लागले. त्यावरून नाव, जन्मतारीख, पत्ता, बँक कोणती, हे कळले. मोबाइलचा क्रमांक तर आज प्रत्येक पार्सलावर छापलेला असतो. मग तो त्या नावाने, आपला फोटो चिकटवून, दुसरे सिमकार्ड काढू पाहतो. ते निघाले की बँकेचे संदेश तुमच्याकडे येण्याऐवजी त्याच्याकडे जातात. किंवा तुमच्या नावे मोबाइलवरून छोटेसे कर्ज घेतो. तुम्हाला पत्ता नसतो. दोन वर्षांनी तुम्ही ट्रॅक्टरसाठी बँकेत जाता आणि साहेब म्हणतात, तुमचे आधीचे कर्ज थकले आहे. 2023 साली दिल्ली पोलिसांनी अशी एक टोळी पकडली. त्यांनी नामांकित नट आणि क्रिकेटपटू यांच्या पॅन क्रमांकांवर स्वतःचे फोटो लावून क्रेडिट कार्डे काढली होती. त्यांना माहिती टपालातून मिळाली नव्हती, पण रीत तीच. ज्यांचा चेहरा सारा देश ओळखतो त्यांच्या नावावर दुसऱ्याचा फोटो चालून जातो, तर आपला चेहरा ओळखणारा शहरात बसलेला कोण?

आणि लांब दिल्लीला तरी कशाला जावयाचे? एक रुपयात पीकविमा ही योजना 2023 साली आपल्याकडे सुरू झाली आणि 2025 साली बंद झाली. 2024 च्या खरिपात दुसऱ्याच्या जमिनीवर भलत्यानेच विमा उतरवल्याची प्रकरणे आपल्याच जिल्ह्यात उघडकीस आली. सातबारा एकाचा, खाते दुसऱ्याचे. आपले कागद कोणाकोणाकडे फिरतात याचा हिशेब आपण ठेवत नाही, त्याचा हा प्रकार.

यवतमाळची गोष्ट काहींनी वाचली असेल. मार्च 2018 मध्ये तेथे काही तरुण विहीर साफ करीत होते. गाळाबरोबर आधार कार्डांचा गठ्ठा वर आला. तो विहिरीत कोणी टाकला याची चर्चा मी येथे करीत नाही. माझ्या मनात राहिले ते वेगळेच. ज्यांच्या नावची ती कार्डे होती, त्यांच्यापैकी किती जणांनी 'माझे पत्र आले नाही' म्हणून आधी कोठे विचारणा केली असेल? आपण विचारत नाही. कार्ड आले नाही तर म्हणतो, सरकारी काम, येईल. या सवयीवर तोतया जगतो. विहिरीत पडले तर एक वेळ परवडले. पण न आलेले पाकीट कोणाच्या तरी हातात असू शकते, हे मनात येत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती. एखादा महत्त्वाचा कागद मागवला की तो केव्हा येणार ते विचारा आणि लिहून ठेवा. स्पीड पोस्टाने येणार असेल तर 13 अक्षरे-आकड्यांचा क्रमांक मिळतो, आरंभी इंग्रजी दोन अक्षरे, मध्ये नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरे. घरातल्या शाळकरी मुलालाही मोबाइलवर ते पाकीट कोठवर आले ते पाहता येते. पंधरा दिवस गेले आणि आले नाही, तर ज्याने पाठवले त्याला आणि पोस्टाला, दोघांना विचारा. कार्ड असेल तर बँकेला सांगून ते बंद करा. नवे मागवण्याचा त्रास झाला तरी चालेल.

रजिस्टर पत्र 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाले, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. जुन्या माणसांना हळहळ वाटली, मलाही वाटली. रजिस्टरची लाल चिठ्ठी पाहिली की माणूस हात पुसून सही करावयास पुढे येत असे. पण येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसते स्पीड पोस्ट हे पत्त्यावर दिले जाते. त्या पत्त्यावर जो असेल तो सही करून घेऊ शकतो. ज्याचे त्याच्याच, अथवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्याच हाती जावे असे वाटत असेल, तर 1 ऑक्टोबर 2025 पासून पाठवणाऱ्याने स्पीड पोस्टावर 'रजिस्ट्रेशन' ही जादा सेवा मागावयाची. तिला 5 रुपये आणि वर कर एवढा आकार ठेवला गेला. तेवढ्याच आकारात दुसरीही सोय झाली: घेणाऱ्याच्या मोबाइलवर आकडा येतो, तो सांगितल्याशिवाय पाकीट मिळत नाही. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला मूळ प्रमाणपत्र पाठवताना आपण पाकिटाला दोनदा डिंक लावतो, वरून चिकटपट्टी मारतो. खिडकीवर त्या 5 रुपयांची आठवण ठेवली तर चिकटपट्टीपेक्षा अधिक उपयोग होईल.

पासपोर्टाच्या बाबतीत ही काळजी खात्याने आधीपासूनच घेतली आहे. तो ज्याचा त्याच्याच हाती, ओळखपत्र पाहून. मला कित्येक बापांनी विनवले आहे, "पोरगं पुण्याला आहे, माझ्याकडे द्या, मी काय परका आहे का?" परका नाही, पण मी दिला नाही. किराणा दुकानाच्या प्रसंगानंतर मी थोडा कठोर झालो होतो, हे कबूल करतो.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी. ही अडचण आपल्या जिल्ह्याची खास आहे. शहरातला मनुष्य सुट्टीला चार दिवस जातो. आपले घर पाच-सहा महिने बंद असते. घरात म्हातारी आई असली तर ती घेते, पण तीही कधी लेकीकडे गेलेली असते. निघण्यापूर्वी बैलांची, कोयत्यांची, पाचटाच्या खोपीची तयारी होते, उचलीचा हिशेब होतो. त्यात आणखी एक काम धरावे. गावच्या पोस्टात साध्या कागदावर लेखी अर्ज देता येतो, की मी अमुक तारखेपासून बाहेरगावी आहे, माझे टपाल अमुक पत्त्यावर पाठवावे. किंवा माझे टपाल माझ्यावतीने अमुक यांनी घ्यावे, असे लेखी अधिकारपत्र द्यावे. कारखान्याचा पत्ता देऊ नये. टोळी आज या फडात, उद्या त्या फडात. बीडला नातेवाईक असेल, सासरवाडी असेल, विश्वासाचे असे एकच घर निवडावे. मी 'एकच' म्हणतो. कारण टपाल आज चुलत्याकडे, उद्या दुकानात, परवा शाळेत असे जेथे गेले, तेथे हरवले काय आणि चोरले काय, कोणालाच कळत नाही.

आणि बँकेत सांगावे की, कार्ड टपालाने पाठवू नका, मी शाखेत येऊन घेईन. पुष्कळ बँका ऐकतात. गुप्त आकडा आता बहुधा टपालाने येत नाही, मोबाइलवरून आपणच ठरवावयाचा असतो. पण ज्यांच्या खात्याला जुना, बंद पडलेला मोबाइल क्रमांक जोडलेला आहे त्यांचे काय? तो क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. तेव्हा जत्रेआधी, लग्नसराईआधी, ते एक काम उरकून घ्यावे.

आधारच्या पत्राची तर वाटच पाहावयास नको. ते संगणकावरून उतरवून घेता येते आणि ते तितकेच ग्राह्य आहे. त्याचाच एक झाकलेला प्रकार मिळतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. लॉजवर जेथे नुसती ओळख दाखवावयाची तेथे तो पुरेसा होतो. बोटांचे ठसेही आधारच्या व्यवस्थेत कुलूपबंद करून ठेवता येतात. 1947 या क्रमांकावर विचारले तर सांगतात. मात्र रेशनला जाण्यापूर्वी कुलूप काढावयास विसरू नका, नाहीतर दुकानदार आणि तुम्ही दोघेही माझ्या नावाने ओरडाल.

आपली मुले आज चाकणला, रांजणगावला कारखान्यांत आहेत. दरवर्षी खोली बदलतात. बँकेत पत्ता मात्र पहिल्याच खोलीचा. तेथे आता दुसरे भाडेकरू. जिन्याखाली लाकडी टपालपेट्यांची ओळ असते, निम्म्यांची झाकणे तुटलेली. त्यात दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाच्या नावचे पाकीट पडून राहते. खोली बदलली की पहिल्या आठवड्यात पत्ता बदलावा, हे त्यांना आज रात्री फोनवर सांगा. पिन कोडही बरोबर घालावा. हा पिन कोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, आणि तो देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, मराठी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एका नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिपींतले पत्ते यांचा गोंधळ मिटावा म्हणून ते सहा आकडे आहेत. एक आकडा चुकला की तुमचे कार्ड दुसऱ्याच कोठल्या वाडीला जाते, आणि तेथेही तुमच्या नावाचा एखादा असतोच!

अमेरिकेत शिकून स्थायिक झालेली आपली मुले सांगतात की, तेथे घराबाहेर रस्त्याच्या कडेला पेटी असते. पाठवावयाची पत्रेही त्यातच ठेवतात आणि पेटीचा लाल झेंडा वर करतात, म्हणजे पोस्टमनला कळते. चोरालाही कळते. तो धनादेश काढून नेतो, रसायनाने शाई धुऊन दुसरे नाव, दुसरी रक्कम घालतो. तेथील टपाल खाते आता येणाऱ्या पाकिटांची छायाचित्रे मागेल त्याला आधीच पाठवते, म्हणजे एखादे आले नाही तर ताबडतोब समजावे. तेव्हा हे दुखणे केवळ आपल्या गरिबीचे किंवा अडाणीपणाचे आहे असे नव्हे.

रद्दीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आपला हा चौक म्हणजे चार वाटांचा. धुळे-सोलापूर रस्ता येथून जातो, एक फाटा पाटोद्याकडे, एक नेकनूर-केजकडे. गाड्या थांबतात, लोक भेळ, शेंगदाणे घेतात. एकदा मी घेतलेल्या पुडीचा कागद उलगडला तर आत एका गृहस्थाच्या खात्याचा उतारा: नाव, पत्ता, खाते क्रमांक, सारे ठळक. शेंगदाणे खारे होते आणि माझे तोंड कडू झाले. बँकेचे कागद, विम्याचे कागद, झेरॉक्सच्या दुकानात काळी आली म्हणून टाकून दिलेली प्रत, हे रद्दीत घालू नका. फाडून चुलीत घाला. पार्सलाच्या खोक्यावरची चिठ्ठी खरवडून काढा. आणि कोणाला झेरॉक्स द्यावयाची असेल तर तिच्यावर आडवे लिहा, 'अमुक कामासाठी', खाली तारीख आणि सही. सही छापील मजकुरावरून जाऊ द्या. मुकादमाला द्या, सिमवाल्याला द्या, कोणालाही द्या, पण कोरी देऊ नका. पुन्हा ती लेखनसीमाच.

आतापर्यंत आपले टपाल जाण्याविषयी बोललो. तोतया टपाल पाठवतोही. पोस्टाने एक चकचकीत पाकीट येते. आत खरवडावयाचे कार्ड. खरवडले की मोटार लागलेली. खाली क्रमांक, आणि त्यावर आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान पाठवा, थोडे शुल्क भरा. शिक्का पोस्टाचा असतो म्हणून लोकांना ते खरे वाटते. अहो, पोस्टाचा शिक्का एवढेच सांगतो की, कोणीतरी तिकीट लावून हे पाकीट पेटीत टाकले! मजकुराची हमी पोस्ट कधीच घेत नाही. तसाच मोबाइलवर संदेश येतो: तुमचे पार्सल आले, पत्ता अपुरा आहे, दोन दिवसांत येथे दाबून पत्ता भरा. हा संदेश टपाल खात्याच्या नावाने फिरतो आणि तो खोटा असल्याचे सरकारने 2024 साली जाहीर केले. पत्ता अपुरा असला तर पोस्टमन चौकात विचारतो. निदान आम्ही तरी विचारत होतो.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. 1898 चा टपाल कायदा कडक होता. टपालवाल्याने टपाल चोरले, दडवले किंवा नष्ट केले तर 7 वर्षांपर्यंत कैद. अधिकार नसता उघडले किंवा मुद्दाम अडवून ठेवले तर 2 वर्षांपर्यंत. 18 जून 2024 पासून त्याच्या जागी 2023 चा नवा अधिनियम आला, आणि त्यात ही कलमे राहिली नाहीत. आता सर्वसाधारण फौजदारी कायद्याकडे जावे लागते. मला विचाराल तर ती कलमे राहावयास हवी होती. आमच्या थैलीला त्या कलमांचे वजन होते. तरीही मार्ग बंद झालेला नाही. दुसरा कोणी असल्याची बतावणी करून फसवणे याला कायद्याच्या मराठीतही तोतयेगिरी हाच शब्द आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.

पण शिक्षा नंतरची. पैसे गेल्याचे कळले की पहिल्या तासात काय करावयाचे? 1930 हा क्रमांक फिरवावयाचा, आणि बँकेला कळवून कार्ड, खाते थांबवावयाचे. लेखी कळवा, पोच घ्या, वेळ लिहून ठेवा. ही घाई कशासाठी, तर रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 च्या परिपत्रकात असा नियम घातला की, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा बाबतीत बँकेचा निरोप आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तोटा ग्राहकावर पडू नये. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तो मर्यादित राहावा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. माझ्या त्या ऊसतोड बांधवाला पाच महिन्यांनी कळले होते. म्हणून बंद घराचे टपाल आणि बंद पडलेला मोबाइल यांची मी एवढी काळजी करतो. आपल्या नावावर कोणी कर्ज काढले आहे काय, हे पाहण्यासाठी सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट अहवाल मिळतो, आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते सरकारच्या 'संचार साथी'वर दिसते. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला हाताशी धरून पाडव्याला हे दोन्ही पाहून घ्यावे.

हे सारे ऐकून कोणी असे मनात आणू नये, की आता शेजाऱ्याकडेही पत्र ठेवावयाचे नाही. शेजाऱ्याकडे ठेवावे, पण ते आपण सांगून, त्याला ठाऊक असताना, पोस्टाला लेखी कळवून. त्या किराणा दुकानदाराला कोणी विचारलेच नव्हते की, बाबा, ही जबाबदारी तू घेतोस काय? मीही विचारले नाही. त्या प्रकरणानंतर पुष्कळ दिवस लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. त्याने पुढे टपाल ठेवून घेणे बंद केले. एक पैसाही न घेता वर्षानुवर्षे केलेले ते काम होते.

ज्याचे पैसे गेले तो गृहस्थ आजही तोडीला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी तो पोस्टात अर्ज देतो. मी निवृत्त होईपर्यंत तो माझ्याच हातात देत असे, आणि देताना एकदा माझ्याकडे पाहत असे. त्या अर्जाच्या नमुन्याच्या पन्नास प्रती मी आज बरोबर आणल्या आहेत. नाव, गाव, जाण्याची तारीख, येण्याची तारीख, कोणाकडे द्यावे त्याचे नाव आणि सही, एवढीच जागा भरावयाची आहे. टेबलावर ठेवतो. दसऱ्याला अजून अवकाश आहे, पण कागद घरी नेऊन ठेवा. कोनाड्यात नको, पेटीत ठेवा.